पहिल्या पेशीचं आवरण टेबलावर: ओलेइक, डेकॅनोइक की लेसिथिन?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आदिपेशीचं आवरण करून दाखवायचं ठरलं की रसायनांच्या यादीत तीन नावं येतात: ओलेइक आम्ल, डेकॅनोइक आम्ल (ही दोन मेदाम्लं, म्हणजे फॅटी अॅसिड) आणि सोया लेसिथिन. तिन्हींपासून पाण्यात सूक्ष्म पिशव्या, म्हणजे पुटिका, तयार होतात आणि तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली देखण्या दिसतात. पण सुरुवातीच्या पृथ्वीवर काय घडलं असेल याबद्दल तिघांची साक्ष वेगवेगळी आहे, आणि हाताळतानाच्या खोड्याही वेगवेगळ्या. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने ओलेइक घ्यावं. विषय मनापासून शिकवायचा असेल त्याने डेकॅनोइक आणि त्याचे दोन जोडीदार असा संच मागवावा. लेसिथिन तुलनेपुरतं ठेवावं.

मालाची पारख करायची तर आधी त्याने काय काम करायला हवं ते ठरवावं लागतं. आजच्या पेशीच्या आवरणात आत-बाहेर ने-आण करणारी प्रथिनं बसवलेली असतात. पहिल्या पेशीकडे ती नव्हती. म्हणजे आवरण आपोआप जमलं पाहिजे, आतले मोठे रेणू धरून ठेवले पाहिजेत, छोट्या रेणूंना मात्र आत येऊ दिलं पाहिजे, आणि वरून नवा माल मिळाला की वाढलं पाहिजे. शिवाय हे सगळं खारट, तापलेल्या, कधी सुकणाऱ्या पाण्यात जमायला हवं. या कसोटीवर मेदाम्लं लेसिथिनला मागे टाकतात. लेसिथिनमधल्या दोन शेपट्यांच्या फॉस्फोलिपिडांपासून बंद पिशव्या होतात हे अॅलेक बँगहॅम यांच्या १९६५ च्या कामामुळे सर्वांना कळलं. पण एकाच शेपटीच्या साध्या मेदाम्लापासूनही तशाच पिशव्या होतात, हे गेबिकी आणि हिक्स यांनी १९७३ मध्ये ओलेइक आम्ल वापरून दाखवलं. पुढे १९७८ मध्ये हारग्रीव्ह्ज आणि डीमर यांनी आखूड साखळ्यांच्या मेदाम्लांपर्यंत ही यादी नेली.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवल्याशिवाय बाटली उघडू नये. मेदाम्लाच्या रेणूला पाण्याला भिणारी लांब शेपटी असते आणि पाण्यात रमणारं डोकं. अल्कली जास्त असेल तर सगळ्या डोक्यांवरचा प्रोटॉन निघून जातो, डोकी एकमेकांना ढकलतात आणि रेणूंचे बारीक गोळे होतात. द्रावण साबणाच्या पाण्यासारखं नितळ दिसतं. आम्ल जास्त झालं तर सगळ्या डोक्यांवर प्रोटॉन बसतो आणि तेलाचे थेंब वर तरंगतात. या दोन टोकांच्या मध्ये एक अरुंद पट्टा आहे. तिथे साधारण निम्म्या डोक्यांवर प्रोटॉन असतो, निम्म्यांवर नसतो. असे दोन शेजारी हायड्रोजन बंधाने एकमेकांना धरतात आणि ती जोडी दोन शेपट्यांच्या रेणूसारखी वागते. दुहेरी पापुद्रा जमतो तो याच जोड्यांमुळे. प्रयोग बिघडण्याची पहिली दोन कारणं इथेच आहेत: पीएच चुकणं, आणि रेणूंची संख्या किमान मर्यादेखाली असणं.

ओलेइक आम्लाचा मोठा गुण म्हणजे ही किमान मर्यादा फार खाली आहे. पीएच ८.५ ला एका मिलिमोलरचा दहावा भाग असला तरी पुटिका होतात. १० मिलिमोलर घेतलं तर चुकायला भरपूर वाव राहतो. कृती अशी: १०० मिली पाण्यात ३.२६ ग्रॅम बायसिन घ्या आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८.५ करा. हा झाला ०.२ मोलर बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. दुसऱ्या नळीत २८२ मिलिग्रॅम ओलेइक आम्ल, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १.१ मिली आणि पाणी ८.६ मिली. कोमट करून हलकेच फिरवा. जोरात हलवलं तर फेसाने नळी भरून जाते आणि मापं चुकतात. द्रावण पूर्ण नितळ झालं पाहिजे. अजून गढूळ दिसत असेल तर अल्कली कमी पडली आहे. तसंच पुढे गेलात तर शेवटी थेंब आणि पुटिका यांची खिचडी मिळेल. आता या नितळ द्रावणाचा १ मिली घेऊन ९ मिली बफरमध्ये सोडा. बघता बघता पाण्यावर निळसर दुधी झाक येते. तांदळाच्या धुवणाची आठवण व्हावी असा हा रंग. नळी सावकाश डोलत राहील अशी ठेवून एक दिवस द्या, म्हणजे पुटिका नीट जमतात.

ओलेइकची खोडी बाटलीतच असते. ते १३–१४ अंश सेल्सिअसला गोठतं, म्हणजे फ्रीजमध्ये थंडीतल्या खोबरेलासारखं थिजतं. घाईत वरचा पातळ भाग पिपेटने ओढला तर तो बाटलीतला सरासरी माल नसतो. त्यात मिसळलेली पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं आधी घट्ट होऊन तळाशी राहतात, आणि पातळ भागात लिनोलेइकचं प्रमाण वाढतं. बाटली पूर्ण वितळवून, उलटसुलट करूनच माप घ्यावं. मापही आकारमानाने घेण्यापेक्षा वजनाने घ्यावं, कारण हा दाट द्रव पिपेटच्या टोकाला चिकटून राहतो. तांत्रिक दर्जाचं ९० टक्क्यांचं ओलेइक आणि ९९ टक्क्यांचं ओलेइक यांतून निवडायचं असेल तर नुसतं दाखवण्यासाठी ९० टक्क्यांचं पुरतं. मोजमापं करायची असतील तर शुद्धच घ्या, छोट्या कुपीत. मोठी बाटली उघडझाप करून वर्षभर वापरली की हवेतल्या ऑक्सिजनने दुहेरी बंध बिघडतात, माल पिवळा पडतो आणि खवट वास येतो. खवट ओलेइकच्या पुटिका गळक्या निघतात. सोडियम ओलिएटची, म्हणजे ओलेइकच्या सोडियम क्षाराची, पूड मिळाली तर अल्कलीचं गणित वाचतं: ३०४ मिलिग्रॅम १० मिली कोमट पाण्यात, आणि पुढची कृती तीच.

मग ओलेइकवर सगळे गुण का देत नाही? कारण त्याची साखळी १८ कार्बनची आहे आणि मध्ये दुहेरी बंध. पेशींशिवाय चालणाऱ्या रसायनात अशा नेमक्या जागी दुहेरी बंध असलेला रेणू ढिगाने होणं कठीण. फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल पाण्याबरोबर १७५ अंशांना बंद नळीत तापवलं तर मेदाम्लं आणि अल्कोहोलं यांचं मिश्रण मिळतं, हे १९९९ मध्ये मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यात सरळ साखळ्यांचीच चलती असते. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ पडलेल्या उल्केतही आखूड साखळ्यांची मेदाम्लं सापडली, आणि तिच्या अर्कातून पाण्यात पापुद्रे जमतात हे डीमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलं. आखूड साखळी म्हणजे ८, ९, १० कार्बन. म्हणून डेकॅनोइक.

डेकॅनोइक आम्ल पांढऱ्या खड्यांच्या रूपात येतं आणि ३१–३२ अंशांना वितळतं. डबा उघडताच बोकडाचा उग्र वास येतो. त्याचं जुनं नाव कॅप्रिक, आणि ते शेळीच्याच लॅटिन नावावरून पडलं आहे. खोबरेल तेलातही ते थोडं असतं. डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावं. याची किमान मर्यादा मात्र २० ते ३० मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे ओलेइकच्या शेकडो पट. ओलेइकच्या सवयीने १० मिलिमोलर घेणाऱ्याला द्रावण नितळच दिसतं आणि तो पीएचला दोष देत बसतो.

कृती: ८६० मिलिग्रॅम डेकॅनोइक, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५.५ मिली, पाण्याने ५० मिली. ४० अंशांवर ठेवून नितळ होऊ द्या. मग १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत. पीएच मीटरकडे लक्ष ठेवलं तर इथला सगळा विषय काट्यावर दिसतो. सुरुवातीला पीएच भराभर उतरतो. ८ च्या खाली आला की उतरण मंदावते, कारण आता टाकलेलं आम्ल मेदाम्लाची डोकी गिळत असतात. याच सपाटीवर द्रावण दुधी होतं. ७.२–७.४ ला थांबा. एकूण साधारण ३ मिली आम्ल लागतं. पुढे गेलात आणि ६.८ च्या खाली घसरलात तर पृष्ठभागावर तेलकट तवंग येतो आणि वास अचानक वाढतो. घाबरू नका. अल्कलीचे काही थेंब टाकून ढवळलं की तवंग परत विरतो. तसं माघारी फिरता येणं हाच या रसायनाचा गुण आहे, आणि विद्यार्थ्यांना दोन-तीनदा पुढे-मागे करून दाखवावं. मात्र खोली थंड असेल तर चकाकत्या सुयांसारखे स्फटिक पडतात. नळी ३५ अंशांच्या पाण्यात ठेवावी.

पीएच मीटरबद्दल एक सूचना. मेदाम्लाचा थर काचेच्या इलेक्ट्रोडवर बसतो आणि काटा हळूहळू खोटं बोलू लागतो. दर काही मोजणीनंतर अल्कोहोलने, मग पाण्याने धुवावं. पीएच पट्टी इथे कामाची नाही. अर्ध्या अंकाची चूक म्हणजे पट्ट्याबाहेर.

एकट्या डेकॅनोइकचा पापुद्रा कमकुवत आहे. पीएचचा पट्टा अरुंद, किमान मर्यादा जास्त, क्षारांपुढे शरणागती. म्हणूनच आम्ही संच सुचवतो: डेकॅनोइक आम्ल, डेकॅनॉल (तेवढ्याच साखळीचं अल्कोहोल) आणि ग्लिसरॉल मोनोडेकॅनोएट (डेकॅनोइकचं ग्लिसरॉलशी जोडलेलं रूप), रेणूंच्या संख्येने ४:१:१. शेरेफ मॅन्सी, जॅक शोस्टॅक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच मिश्रण वापरलं होतं. त्यांनी आत डीएनएचा साचा कोंडला, बाहेरून सक्रिय केलेली न्यूक्लिओटाइडं (अशा साखळीचे सुटे घटक) घातली, आणि ती कुठल्याही प्रथिनाच्या मदतीविना पापुद्र्यातून आत जाऊन साच्यावर साखळी वाढली. सुरुवातीच्या पेशीला खायला कसं मिळालं असेल, या प्रश्नाचं याहून थेट उत्तर प्रयोगातून क्वचितच मिळतं.

१० मिलीसाठी मापं: डेकॅनोइक ६९ मिलिग्रॅम, डेकॅनॉल १६ मिलिग्रॅम, ग्लिसरॉल मोनोडेकॅनोएट २५ मिलिग्रॅम. तिन्ही एकत्र ६० अंशांवर वितळवा, एकजीव तेल होईपर्यंत. त्यावर त्याच तापमानाचा, पीएच ८.५ चा बायसिन बफर ९.८ मिली आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ०.२ मिली घाला. बफर थंड असेल तर मोनोडेकॅनोएटच्या पांढऱ्या कण्या होतात आणि त्या पुन्हा विरघळवायला तासभर जातो. एकजीव तेलाऐवजी तिन्ही वेगवेगळे बफरमध्ये टाकण्याचा शॉर्टकट करू नये. डेकॅनॉल वर तरंगत राहतं. जमलेल्या मिश्रणात डेकॅनॉलचं डोकं प्रोटॉन गमावलेल्या शेजाऱ्याला धरतं, त्यामुळे पीएच वर गेला तरी पापुद्रा टिकतो. मोनोडेकॅनोएट किमान मर्यादा खाली आणतं आणि मॅग्नेशियमसमोर थोडा दम देतं. शुद्ध मालापेक्षा मिसळलेला माल सरस ठरतो, आणि पृथ्वीवर तरी शुद्ध माल कोण पुरवणार होतं?

पुण्याच्या आयसर संस्थेत सुधा राजमणी यांच्या गटाने २०१७ मध्ये नेमकी हीच परीक्षा घेतली. त्यांनी लडाखमधल्या गरम झऱ्यांचं पाणी आणून त्यात मेदाम्लांची वेगवेगळी मिश्रणं सोडली. मेदाम्ल आणि त्याचं ग्लिसरॉलशी बनलेलं रूप यांची जोडी झऱ्यांच्या सर्व नमुन्यांत पुटिका करू शकली आणि सुकवण्या-भिजवण्याच्या अनेक फेऱ्यांतूनही टिकली. बाकीची मिश्रणं फक्त बायसिन बफरमध्येच जमली. बफरमध्ये यश मिळालं म्हणून हुरळून जाणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवावा.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट मळी बसते, हे ज्या घरात होतं तिथे हा प्रयोग बिघडण्याचं मुख्य कारण रोज न्हाणीघरात दिसतं. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मेदाम्लाच्या दोन-दोन डोक्यांना एकत्र बांधून अविद्राव्य साका करतात. शुद्ध ओलेइकच्या पुटिका काही मिलिमोलर मॅग्नेशियमलाच कोसळतात. आजच्या समुद्रात मॅग्नेशियम ५० मिलिमोलरच्या वर आहे आणि कॅल्शियम सुमारे १०. म्हणून गोड्या पाण्याचे गरम झरे हेच पहिल्या पेशींचं माहेर असावं, असं डीमर आणि त्यांचे सहकारी मांडतात. दुसरी बाजूही भक्कम आहे: निक लेन यांच्या गटाने २०१९ मध्ये १० ते १५ कार्बनांची अनेक मेदाम्लं आणि अल्कोहोलं एकत्र करून सुमारे ७० अंशांना, तीव्र अल्कलीत, समुद्राइतक्या खारटपणात पुटिका दाखवल्या. वाद अजून मिटलेला नाही, पण तो मिश्रणाच्या घटकांवर येऊन ठेपला आहे हे दोन्ही निकालांवरून दिसतं.

टेबलावर याचा अर्थ सरळ आहे: डिस्टिल्ड पाणीच वापरा. प्रयोगशाळेतलं संपलं तर गॅरेजात मिळणारं बॅटरीचं पाणी चालतं. नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं यांतलं काही नको. भांड्यांत भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला तर पुटिका फुटतात, म्हणून शेवटचे तीन खळखळ डिस्टिल्ड पाण्याचे. मग तीन नळ्या घ्या, प्रत्येकात २ मिली ओलेइक पुटिका. पहिलीत काही नाही. दुसरीत १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडचे २० मायक्रोलिटर, म्हणजे १० मिलिमोलर. तिसरीत आधी सोडियम सायट्रेट ४० मिलिमोलर होईल इतकं, पीएच ८.५ ला आणून, आणि मग तेवढाच मॅग्नेशियम. दुसरी नळी फाटलेल्या दुधासारखी होते. तिसरी दुधीच राहते, कारण सायट्रेट मॅग्नेशियमला धरून ठेवतं. आरएनएची नक्कल व्हायला मॅग्नेशियम लागतो आणि पापुद्र्याला तो सोसत नाही, ही कोंडी अडामाला आणि शोस्टॅक यांनी २०१३ मध्ये सायट्रेटनेच सोडवली. पूर्वी एवढं सायट्रेट कुठून आलं असेल, हा प्रश्न मात्र तसाच उरतो.

माँटमोरिलोनाइट चिकणमातीची पूडही या यादीत ठेवायला हरकत नाही. हॅन्झिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की तिच्या कणांमुळे पुटिका जमण्याचा वेग सुमारे शंभर पट वाढतो, आणि कण स्वतःही कधी पुटिकेत अडकतात. पण के-१० नावाने मिळणारी पूड आम्लाने धुतलेली असते. थेट टाकली तर पीएच खाली ओढते आणि तेल सुटतं. आधी बफरमध्ये भिजवून, पीएच परत ८.५ करून मगच मिसळा. १० मिलीला ५ मिलिग्रॅम पुरे. मुलतानी माती हा तिचा स्वस्त पर्याय म्हणून सुचवला जातो, तो टाळावा. तिच्यातला कॅल्शियम साका करतो.

लेसिथिनवर फार लिहिण्यासारखं नाही. कुठल्याही पीएचला, क्षारातही, सुंदर पुटिका होतात आणि आठवडाभर टिकतात. अडचण इतकीच की पापुद्रा फार घट्ट आहे: आयन आणि न्यूक्लिओटाइडं आत जात नाहीत, आणि त्याचे रेणू एका थरातून दुसऱ्यात उलटायला तासन् तास, कधी दिवस घेतात. मेदाम्लं हे काम सेकंदात उरकतात. प्रथिनांविना असा पापुद्रा घेऊन बसलेली पेशी उपाशी मेली असती.

पुटिका झाल्या की तेलच राहिलं, हे कसं ओळखायचं? दुधी रंग दोन्हींचा असतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाशिवाय निकाल जाहीर करू नये. ४० च्या वस्तुभिंगाखाली तेलाचा थेंब भरीव, चकचकीत, जाड काळ्या कडेचा दिसतो. पुटिका म्हणजे पातळ कडी, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच. कंडेन्सर थोडा खाली करून छिद्र अरुंद केलं तर साध्या भिंगातही कडी उठून दिसते. जमलं तर ऱ्होडामाइन ६जी चा सौम्य थेंब घालून प्रतिदीप्तीखाली पाहा, कडा रंगतात.

सर्वात डोळ्यांत भरणारं दृश्य सुकवण्याच्या पट्टीवर मिळतं. संचातल्या मिश्रणाचा २० मायक्रोलिटरचा थेंब काचपट्टीवर ६० अंशांना पूर्ण सुकवा. आच्छादन काच ठेवा आणि तिच्या कडेने डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब आत शिरू द्या. पाण्याची रेघ सुक्या थराला टेकते, आणि काही सेकंदांत थराच्या काठातून सोऱ्यातून शेव पडावी तशा पारदर्शक नळ्या बाहेर येऊ लागतात. त्या वळतात, फुगतात, तुटून गोल होतात. सुकताना थरांच्या मधे जे काही विरघळलेलं होतं ते या गोलांत कोंडलं जातं. सुकणाऱ्या डबक्याच्या काठावर हेच घडलं असावं, हा डीमर यांचा मुद्दा इथे डोळ्यांनी पटतो. पाणी एकदम ओतलं तर थर उखडून वाहून जातो आणि काहीच दिसत नाही. कडेनेच, एकच थेंब.

वाढ दाखवायची असेल तर पुन्हा ओलेइककडे या. झू आणि शोस्टॅक यांनी २००९ मध्ये अनेक थरांच्या, सुमारे ४ मायक्रॉनच्या पुटिकांना ओलिएटचं नितळ द्रावण खाऊ घातलं. पुटिकेला आधी बारीक शेपूट फुटतं, मग अर्ध्या तासाच्या आत सगळी पुटिका लांब धागा होते, आणि हलकासा धक्का बसला की धाग्याचे तुकडे होऊन पिल्लं सुटतात. बायसिन बफर इथे नुसता पीएच सांभाळत नाही. बायसिन पापुद्र्यातून सहज आत जात नाही, त्यामुळे पृष्ठभाग वाढतो पण आतलं आकारमान तितकं वाढत नाही, आणि जास्तीच्या पापुद्र्याला धागा होण्यावाचून जागा उरत नाही. पटकन आत शिरणाऱ्या क्षारांचा बफर घेतला तर पुटिका नुसती गोल फुगते. ओलिएटही सावधपणे घालावं: पुटिकांमधल्या मेदाम्लाच्या पाचपटीपर्यंत, एकाच वेळी, आणि घातल्यावर नळी अर्धा तास अजिबात हलवायची नाही.